धक्क्याचे मोल

पुठ्ठ्याच्या तपकिरी लक्ष्यावर दोन भोके आहेत. दोन्ही मधल्या ए विभागाच्या बोटभर बाहेर, सी विभागात, जवळजवळ एकाच जागी पडलेली. दोन्ही गोळ्या सारख्याच अंतरावरून, धावता धावता, घड्याळाशी झुंजत झाडलेल्या. तरीही गुणपत्रिकेवर एका नेमबाजाच्या नावापुढे ४ गुण लागतात आणि दुसऱ्याच्या नावापुढे ३. फरक नेमात नाही, पिस्तुलात भरलेल्या काडतुसात आहे. पहिल्याचे काडतूस ‘मेजर’ ठरले, दुसऱ्याचे ‘मायनर’. नेमबाजी म्हणजे निव्वळ अचूकता अशी आपली समजूत असते. ज्याने बरोबर जागी मारले त्याला गुण, मग गोळी जड असो की हलकी. त्या समजुतीला प्रॅक्टिकल शूटिंग हा खेळ सरळ छेद देतो. गोळीच्या बळाला तो गुण देतो, ते बळ यंत्रावर मोजतो आणि ठरलेल्या आकड्याखाली भरले तर नेमबाजाचे सगळे गुण काढून घेतो. हा नियम अन्यायाचा आहे, जुनाट आहे, पोलादी छातीच्या पुरुषांनी स्वतःच्या सोयीसाठी केला आहे, असे आक्षेप त्यावर चार-पाच दशके घेतले जात आहेत. माझे म्हणणे वेगळे आहे. हा नियम ज्या कारणासाठी जन्माला आला ते कारण आज फारसे उरलेले नाही. नियम मात्र पूर्वीपेक्षा अधिक योग्य ठरला आहे, कारण तो मुळापासून मोजत आला ती गोष्ट त्याच्या जनकांनी सांगितलेल्या गोष्टीपेक्षा निराळी आहे आणि खेळाच्या दृष्टीने जास्त मोलाची आहे.

इतिहास थोडक्यात असा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात जेफ कूपर आणि त्यांच्या सोबत्यांनी पिस्तुलाच्या मोकळ्या ढंगाच्या स्पर्धा सुरू केल्या. एका हाताने, स्तब्ध उभे राहून गोल चकतीवर नेम धरण्याची जुनी पद्धत त्यांना प्रत्यक्ष झुंजीपासून फार दूरची वाटत होती. या स्पर्धांतून दोन्ही हातांची पकड, होल्स्टरमधून झटकन पिस्तूल काढणे, हलत्या आणि अर्धवट झाकलेल्या लक्ष्यांवर मारा करणे हे सगळे घडत गेले. मे १९७६ मध्ये अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातील कोलंबिया या गावी झालेल्या परिषदेत इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन, म्हणजे आयपीएससी, स्थापन झाली आणि कूपर तिचे पहिले अध्यक्ष झाले. संघटनेने तीन लॅटिन शब्दांचे ब्रीद घेतले : डिलिजेन्शिया, व्हिस, सेलेरितास. अचूकता, बळ आणि वेग. तिघांचा तोल सांभाळेल तो खरा नेमबाज, अशी त्यामागची धारणा होती. अचूकता लक्ष्यावर दिसते, वेग घड्याळात दिसतो. बळ मात्र भोकाकडे पाहून कळत नाही. पुठ्ठ्याला हलकी गोळीही आरपार जाते आणि जडही. ते वेगळे मोजावे लागते, आणि पॉवर फॅक्टरची गरज तिथेच निर्माण झाली.

हिशेब शाळकरी मुलालाही जमेल इतका सोपा आहे. गोळीचे वजन ग्रेनमध्ये घ्यायचे, तिचा वेग सेकंदाला किती फूट ते घ्यायचे, दोन्हींचा गुणाकार करून हजाराने भागायचे. एक ग्रेन म्हणजे साधारण ०.०६५ ग्रॅम. अमेरिकी लष्कराच्या जुन्या .४५ पिस्तुलाची नेहमीची गोळी २३० ग्रेनची, म्हणजे जवळजवळ १५ ग्रॅमची. तिचा वेग सेकंदाला ८३० फूट धरला तर पॉवर फॅक्टर १९० च्या थोडा वर येतो. नऊ मिलिमीटरची ११५ ग्रेनची गोळी ११५० फुटांच्या वेगाने गेली तर आकडा १३२ होतो. ही दोन काडतुसे त्या काळच्या वादाचे दोन ध्रुव होती आणि मेजर-मायनर ही विभागणीही त्यांच्याभोवतीच उभी राहिली. आज आयपीएससीच्या स्टँडर्ड आणि क्लासिक विभागांत मेजरसाठी १७० लागतात, ओपन विभागात १६०. अमेरिकेतल्या यूएसपीएसए या संघटनेत मेजरची रेषा १६५ वर आहे. मायनरसाठी दोन्हीकडे १२५. ए विभागातल्या गोळीला दोघांनाही ५ गुण. सीमध्ये लागली तर मेजरला ४, मायनरला ३. डीमध्ये मेजरला २, मायनरला १. म्हणजे ज्याच्या सगळ्या गोळ्या ए विभागात बसतात त्याला मेजर आणि मायनर यांत काहीच फरक पडत नाही. बळाचा फायदा मिळतो तो नेम जरा सुटल्यावर.

आता या सूत्राकडे जरा बारकाईने पाहू. वजन गुणिले वेग म्हणजे पदार्थविज्ञानातला संवेग. ऊर्जा काढायची तर वेगाचा वर्ग घ्यावा लागतो, आणि बंदुकीच्या दुनियेत काडतुसाची ताकद सांगताना सहसा ऊर्जेचाच आकडा सांगतात. मग या खेळाने संवेग का घेतला? त्याचे एक उत्तर मोजण्याच्या साधनात आहे. सुरुवातीच्या काळात इलेक्ट्रॉनिक वेगमापक महाग होते आणि मैदानावर नेण्याजोगे नव्हते, म्हणून स्पर्धांत बॅलिस्टिक लंबक वापरत. टांगलेल्या जड ठोकळ्यावर गोळी झाडायची, ठोकळा किती मागे झुलला ते पाहायचे आणि कारखान्यातल्या प्रमाण काडतुसाच्या झोक्याशी ताडून पाहायचे. ही युक्ती इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्स यांची. १७४२ साली त्यांनी तोफविद्येवरच्या आपल्या ग्रंथात ती मांडली. पुढे हेच रॉबिन्स ईस्ट इंडिया कंपनीचे मुख्य अभियंता म्हणून मद्रास किनाऱ्यावर आले आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारले. गोळी ठोकळ्यात रुतते तेव्हा तिची बहुतेक ऊर्जा लाकूड फोडण्यात आणि उष्णतेत खर्ची पडते. संवेग मात्र कुठेच जात नाही, तो पुरेपूर ठोकळ्याला मिळतो. म्हणून लंबकाचा झोका ऊर्जेबद्दल फारसे सांगत नाही, संवेगाबद्दल चोख सांगतो. पुढे वेगमापक आले, लंबक अडगळीत गेला, पण सूत्र त्याच वळणाचे राहिले.

हा फरक किती मोठा आहे ते एका उदाहरणाने दिसेल. नऊ मिलिमीटरची १४७ ग्रेनची जड गोळी सेकंदाला ८६० फुटांनी जाते, पॉवर फॅक्टर १२६. त्याच पिस्तुलातून ११५ ग्रेनची हलकी गोळी १०९० फुटांनी जाते, पॉवर फॅक्टर १२५. नियमाच्या डोळ्यांना दोन्ही जवळपास सारख्या. ऊर्जा काढली तर पहिलीची सुमारे ३२७ जूल येते आणि दुसरीची ४११ जूल, म्हणजे पाव भागाने जास्त. लक्ष्यावर होणारा परिणाम हीच नियमाची कसोटी असती तर या दोन गोळ्यांना एकाच रांगेत बसवणे अवघड गेले असते. पण पिस्तुलाच्या मागच्या बाजूला काय होते ते पाहिले की नियमाचा अर्थ लागतो. गोळी जेवढा संवेग घेऊन पुढे जाते तेवढाच पिस्तूल घेऊन मागे येते. तो मनगटावर आदळतो, नळीचे तोंड वर उचलतो आणि पुढच्या गोळीसाठी नेम पुन्हा जागेवर आणण्याची वेळ वाढवतो. सव्वा किलोच्या आसपास वजनाच्या पिस्तुलात १२५ ऐवजी १७० चे काडतूस घातले तर पॉवर फॅक्टर ३६ टक्क्यांनी वाढतो. मागे येणाऱ्या पिस्तुलाची ऊर्जा मात्र संवेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ८५ टक्क्यांनी. पॉवर फॅक्टर लक्ष्याने काय सोसले ते मोजत नाही, नेमबाजाने काय सोसले ते मोजतो. माझ्या युक्तिवादाचा पाया हा आहे. खेळात गुण खेळाडूने पेललेल्या अडचणीला मिळायला हवेत, आणि हा नियम नेमकी तीच अडचण तराजूत टाकतो.

या अडचणीची किंमत खेळाने किती ठरवली आहे तेही तपासण्यासारखे आहे. प्रॅक्टिकल शूटिंगमध्ये एका स्टेजवरचे एकूण गुण भागिले लागलेले सेकंद हा हिट फॅक्टर, आणि ज्याचा हिट फॅक्टर मोठा त्याची सरशी. सोळा लक्ष्यांची एक स्टेज धरू. प्रत्येकावर दोन, म्हणजे बत्तीस गोळ्या, जास्तीत जास्त १६० गुण. दोन नेमबाजांनी सारखाच मारा केला : चोवीस गोळ्या एमध्ये, आठ सीमध्ये. मेजरवाल्याचे १५२ गुण झाले, मायनरवाल्याचे १४४. दोघांनी २० सेकंद घेतले तर हिट फॅक्टर ७.६० आणि ७.२०. मायनरवाल्याला बरोबरी साधायची तर तेच काम १८.९५ सेकंदांत उरकावे लागेल. बत्तीस गोळ्यांवर वाटला तर हा एक सेकंद गोळीमागे सेकंदाचा सुमारे तिसावा हिस्सा होतो. हलक्या धक्क्यामुळे दर गोळीमागे एवढा वेळ वाचत असेल तर मायनर निवडणारा बरोबरीत राहतो, त्याहून जास्त वाचत असेल तर पुढे जातो. दुसरा मार्गही त्याला मोकळा आहे : हलक्या धक्क्याचा उपयोग करून सीमधल्या गोळ्या एमध्ये आणायच्या, की मेजरचा फायदा आपोआप गळून पडतो. क्लासिक विभागात ही देवघेव आणखी उघड आहे. तिथे मेजर वापरणाऱ्याला मॅगझिनमध्ये आठ गोळ्या भरता येतात आणि मायनर वापरणाऱ्याला दहा. कोणी कोणावर बळजबरी केलेली नाही. दोन रस्त्यांचे भाव लावलेले आहेत, आणि आपल्या मनगटाला व नेमाला परवडेल तो रस्ता ज्याने त्याने घ्यायचा आहे.

बळाचे बंधनच काढून टाकले तर काय होईल, हे कल्पनेवर सोडण्याचे कारण नाही. नेमबाजीच्या इतर प्रकारांत त्याची उत्तरे आहेत. मराठी वाचकाला पिस्तूल नेमबाजी ठाऊक आहे ती राही सरनोबतसारख्या कोल्हापूरच्या खेळाडूंमुळे, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या प्रकारांमुळे. तिथे काडतुसाच्या जोराला गुण नाहीत, आणि त्या प्रकारांत ते योग्यही आहे, कारण परीक्षा निव्वळ नेमाची असते. पण वेग आणि नेम एकत्र येतात तिथे काय झाले ते पाहा. पुरुषांच्या २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात कित्येक दशके .२२ शॉर्ट हे अगदी दुबळे काडतूस चालत असे. त्याभोवती खास पिस्तुले घडवली गेली, ज्यांचा धक्का हाताला जेमतेम जाणवावा. चार सेकंदांत पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या मारताना पिस्तूल हलतच नसेल तर परीक्षेचा एक मोठा भाग पिस्तूल घडवणाऱ्यानेच सोडवून ठेवलेला असतो. २००५ पासून नियम बदलला आणि .२२ लाँग रायफल काडतूस सक्तीचे झाले. ती खास पिस्तुले एका फटक्यात बाद झाली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विजय कुमार यांनी या प्रकारात रौप्यपदक मिळवले ते या बदललेल्या नियमाखाली. सेंटर फायर प्रकारात ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरपर्यंतचे काडतूस चालते आणि जोराची किमान मर्यादा नाही. म्हणून बहुतेक नेमबाज मवाळ भरणीची .३२ ची काडतुसे निवडतात. अमेरिकेत १९८१ पासून चालत आलेल्या स्टील चॅलेंज स्पर्धेत पोलादी तबकड्यांवर केवळ वेग पाहिला जातो आणि पॉवर फॅक्टरची अट नाही. तिथेही काडतुसांची भरणी जितकी हलकी करता येईल तितकी केली जाते. यात कोणाची लबाडी नाही. घड्याळ चालू असेल आणि बळाला मोल नसेल तर कोणताही शहाणा खेळाडू धक्का कमी करत जाईल, आणि शेवटी स्पर्धा सर्वांत दुबळे पण यंत्र अडू न देणारे काडतूस कोण भरतो याची होईल. टेनिसच्या चेंडूवर षटकार मारणारा पोरगा गुणी असू शकतो, पण त्याच्या धावा लेदरच्या चेंडूवरच्या धावांशेजारी एकाच फळ्यावर मांडता येत नाहीत. मायनरची १२५ ची रेषा हेच सांगते की या फळ्यावर यायचे तर चेंडू अमुक इतका तरी टणक हवा.

पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप विज्ञानाच्या बाजूने येतो. मेजर-मायनर भेद मोठी, संथ, जड गोळी माणसाला हमखास थांबवते आणि नऊ मिलिमीटरची थांबवत नाही, या समजुतीवर उभा होता. ती समजूत आता ढासळली आहे. एप्रिल १९८६ मध्ये मायामीतल्या चकमकीत एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले. त्यानंतर एफबीआयने जखमांच्या शास्त्राचा नव्याने अभ्यास करवला. आधी १० मिलिमीटर आणि मग १९९० मध्ये बाजारात आलेले .४० स्मिथ अँड वेसन काडतूस पुढे आले. स्टँडर्ड विभागातल्या मेजरचे तेच घरचे काडतूस झाले, कारण १८० ग्रेनची गोळी ९४५ फुटांनी गेली की १७० ची रेषा ओलांडली जाते. पण पुढच्या दोन-अडीच दशकांत गोळ्यांची घडण सुधारली आणि एफबीआय पुन्हा नऊ मिलिमीटरकडे वळली. मग खेळाने जुन्या समजुतीचे ओझे का वाहावे, असे आक्षेपक विचारतात. प्रश्न रास्त आहे. मेजरचे समर्थन कोणी आजही मारकतेच्या आधारावर करत असेल तर त्याने ते सोडून द्यावे. परंतु एफबीआयने परत वळताना दिलेल्या कारणांपैकी एक नीट वाचले पाहिजे. सारख्या आकाराच्या पिस्तुलांत त्यांचे बहुसंख्य नेमबाज .४० पेक्षा नऊ मिलिमीटरने अधिक वेगात आणि अधिक अचूक मारा करतात, असे तिने नोंदवले. म्हणजे जास्तीचा धक्का वेग आणि अचूकता दोन्ही खातो, याची साक्ष आक्षेपकांच्याच पुराव्यातून मिळते. शस्त्र निवडणाऱ्या पोलीस दलासाठी हे मेजर टाळण्याचे कारण आहे. खेळासाठी तेच मेजरला जास्त गुण देण्याचे कारण आहे. अवघड काम करणाऱ्याला खेळात भरपाई मिळते, पोलीस खात्यात मिळायची गरज नाही.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञांचा आहे. पॉवर फॅक्टर धक्का मोजतो म्हणता, पण धक्का मारून टाकण्याच्या युक्त्या निघाल्या आहेत. १९८० च्या दशकात रॉब लेथम आणि ब्रायन एनॉस यांच्यासारख्या अव्वल नेमबाजांनी .४५ ला बाजूला सारून .३८ सुपर काडतुसातून मेजर गाठायला सुरुवात केली. त्याचे फायदे दोन होते. बारीक काडतूस मॅगझिनमध्ये जास्त मावते. आणि हलकी गोळी वेगात ढकलायला जास्त दारू लागते, त्यामुळे नळीच्या तोंडाशी जास्त वायू सुटतो. तिथे कॉम्पेन्सेटर बसवला की तो वायू वरच्या छिद्रांतून उसळतो आणि उचलू पाहणारे तोंड खाली दाबून धरतो. आकडा मेजरचा, धक्का मात्र कमी. याची दुसरी बाजू अशी की त्या वेळच्या १७५ च्या रेषेसाठी ११५ ग्रेनच्या गोळीला १५२० फुटांहून जास्त वेग द्यावा लागे, म्हणजे काडतुसातला दाब फार वाढवावा लागे. पुंगळीचा तळ नळीने पूर्ण झाकलेला नसे तिथे ती फाटून तापलेला वायू आणि पितळेचे कण नेमबाजाच्या तोंडावर उडत. अमेरिकी नेमबाजांत ‘सुपर फेस’ हा शब्द त्यातूनच रूढ झाला. हा आक्षेप मी निम्मा मान्य करतो. आकडा डोळे झाकून उंच ठेवला तर तो माणसांना धोक्याकडे ढकलतो, आणि तसे घडले होते. पण खेळाने उत्तरही शोधले. रेषा खाली आणली, नळ्यांची घडण बदलली आणि मुख्य म्हणजे विभाग वेगळे केले. कॉम्पेन्सेटर चालतो तो ओपन विभागात, आणि तिथे सगळ्यांनाच चालतो. स्टँडर्ड विभागात तो निषिद्ध आहे, आणि मेजरसाठी गोळीचा व्यासही किमान १० मिलिमीटर लागतो, त्यामुळे नऊ मिलिमीटरमध्ये दाब वाढवत नेण्याचा मोह तिथे उरत नाही. युक्ती निघाली म्हणून मोजमाप सोडायचे नसते. युक्ती ज्यांच्याकडे आहे त्यांना एकमेकांशी लढवायचे असते.

तिसरा आक्षेप आकड्यांच्या मनमानीचा. १६४ आणि १६५ यांत निसर्गाने कुठलीही भिंत घातलेली नाही, तरी एका अंकाच्या फरकाने मेजरचा मायनर का व्हावा? शिवाय सगळे नेमबाज रेषेच्या जरा वर गर्दी करतात, १४० च्या काडतुसाला १२६ पेक्षा छदामही जास्त मिळत नाही, मग बळाचा सन्मान तो कुठे उरला? इथे मला वाटते की आक्षेपकांनी दोष म्हणून दाखवलेली गोष्टच नियमाचे सामर्थ्य आहे. सगळे जण रेषेच्या वर दोन-चार अंकांत गर्दी करतात याचा अर्थ त्या विभागातल्या प्रत्येकाच्या मनगटावर जवळजवळ सारखा भार पडतो. स्पर्धेत आणखी काय हवे? पण त्यासाठी मोजणी निर्विवाद हवी, आणि इथे नियमांची बारकाई पाहण्यासारखी आहे. मोठ्या स्पर्धेत अधिकारी नेमबाजाच्या काडतुसांतून किमान आठ उचलतात आणि क्रमांक घातलेल्या पिशवीत बंद करतात. वेगमापन केंद्रावर त्यांतले एक काडतूस पोकळ हातोडीसारख्या साधनात अडकवून आपटतात. गोळी सुटी होते, दारू वेगळी पडते आणि गोळी इलेक्ट्रॉनिक काट्यावर जाते. मग नेमबाजाच्याच पिस्तुलातून तीन गोळ्या वेगमापकावर झाडल्या जातात. दोन फूट अंतरावरच्या दोन संवेदकांमधून हजार फुटांच्या वेगाची गोळी सेकंदाच्या पाचशेव्या हिश्शात निघून जाते, आणि तेवढ्यात तिचा वेग नोंदला जातो. तिघांच्या सरासरीत रेषा गाठली नाही तर आणखी तीन गोळ्या झाडतात आणि सहांतल्या सर्वांत वेगवान तीन धरतात. तरीही कमी पडले तर उरलेल्या शेवटच्या काडतुसाचे काय करायचे ते नेमबाज ठरवतो. त्याची गोळी तोलून पाहायची, कदाचित जड निघेल, किंवा तीही झाडून सातांतल्या उत्तम तीन घ्यायच्या. इतकी सवड दिल्यावर मात्र दशांशाचीही सूट नाही. १२४.९९९ म्हणजे १२५ नव्हेत. मेजर चुकला तर मायनरचे गुण मिळतात. मायनर चुकला तर नेमबाज स्पर्धा पुरी करू शकतो, पण गुणतालिकेत त्याचे नाव राहत नाही. दारूवर उन्हाचा परिणाम होतो, नळीगणिक वेग बदलतो, हे जाणते नेमबाज ओळखून असतात आणि रेषेच्या वर काही अंकांची जागा राखून भरणी करतात. ती जागा किती राखायची, हा त्यांच्या अभ्यासाचा भाग आहे.

मैदानावर या रेषेची आणखी एक परीक्षा होते. पॉपर नावाचे उभे पोलादी लक्ष्य गोळी लागल्यावर कोसळले पाहिजे. नीट लागूनही कोसळले नाही तर नेमबाज ते तसेच उभे ठेवून दाद मागू शकतो. मग अधिकारी ११५ ते १२५ पॉवर फॅक्टरच्या, म्हणजे मायनरच्या रेषेपर्यंतच पोचणाऱ्या काडतुसाने त्यावर गोळी झाडतात. लक्ष्य पडले तर नेमबाजाचा नेम चुकला असे ठरते, नाही पडले तर दोष मैदानाचा आणि नेमबाजाला स्टेज पुन्हा मिळते. पोलाद उलथवण्याचे काम प्रामुख्याने संवेगाचे आहे. त्यामुळे किमान बळाची अट इथे कागदावरचा आकडा राहत नाही. मैदानाने नेमबाजाशी केलेल्या कराराची ती एक बाजू होते : तू एवढे बळ आणशील, आम्ही एवढ्या बळाने पडणारे लक्ष्य उभे करू. किमान रेषाच नसेल तर लक्ष्ये कोणत्या काडतुसासाठी लावायची हेच ठरवता येणार नाही.

चौथा आक्षेप मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो, कारण तो माणसांबद्दल आहे. लहान हाताची, कमी वजनाची व्यक्ती, किशोरवयीन मुलगी किंवा साठीपुढचा नेमबाज यांच्यावर बळाची अट जास्त भार टाकते. शिवाय मेजर काडतुसे महाग पडतात, घरी काडतूस भरण्याची सोय असलेल्याला फायदा होतो आणि खेळ मूठभरांचा राहतो. यातले तथ्य नाकारण्यात अर्थ नाही. पण भार कुठे ठेवला आहे ते पाहिले पाहिजे. मायनरची रेषा दुकानात मिळणाऱ्या साध्या नऊ मिलिमीटर काडतुसाच्या खाली आखलेली आहे. ११५ ग्रेनचे नेहमीचे काडतूस ती सहज ओलांडते. म्हणजे नवख्याला काही वेगळे बनवावे लागत नाही, फक्त मुद्दाम दुबळे केलेले काडतूस आणता येत नाही. प्रॉडक्शन आणि प्रॉडक्शन ऑप्टिक्स विभागांत तर सगळ्यांचेच गुण मायनरने मोजले जातात, कोणी .४० आणले तरी. आणि १९९६ मध्ये सुरू झालेल्या आयडीपीए या शाखेने तिसरीच वाट काढली आहे. तिथे विभागवार किमान बळ आहे, नेहमीच्या नऊ मिलिमीटर विभागांत १२५, .४५ च्या विभागात १६५, पण जास्त बळाला जास्त गुण नाहीत. ज्याने त्याने आपल्या विभागात सारख्या भाराने लढायचे. किमान रेषा आणि जास्तीचे बक्षीस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या तुलनेतून स्पष्ट होते. पहिली खेळाच्या प्रामाणिकपणासाठी अटळ आहे. दुसरी खेळाची एक निवड आहे, आणि ती सगळ्या विभागांत असलीच पाहिजे असे नाही.

पॉवर फॅक्टरची एक मर्यादा मी शेवटी नोंदवतो, कारण ती माझ्याच युक्तिवादाविरुद्ध जाते. हा आकडा फक्त गोळी मोजतो, तिच्यामागून नळीबाहेर झेपावणारा वायू मोजत नाही. त्या वायूलाही वजन असते आणि त्याचा वेग गोळीहून कितीतरी जास्त असतो. म्हणूनच कॉम्पेन्सेटर नसलेल्या पिस्तुलात जड गोळी आणि थोडी, झटकन जळणारी दारू घेतली तर त्याच आकड्याला धक्का मवाळ लागतो, आणि मायनरचे नेमबाज १४७ ग्रेनच्या गोळीकडे वळतात ते यामुळे. म्हणजे मोजमाप अपुरे आहे. तरीही ते मैदानावर, उन्हात, एक काटा आणि एक वेगमापक घेऊन, नेमबाजाच्या डोळ्यांदेखत करता येते आणि त्यावर कोणाला शंका घ्यायला जागा राहत नाही. प्रत्येक पिस्तुलाचा धक्का प्रयोगशाळेत मोजणारे परिपूर्ण सूत्र अधिक खरे असेल, पण ज्याची पडताळणी खेळाडूला स्वतः करता येत नाही असा नियम खेळात टिकत नाही.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. संवेगाचे सूत्र आणि किमान बळाची रेषा राखावी आणि मोजणीत दशांशाचीही ढिलाई करू नये. मेजरचे जास्तीचे गुण ज्या विभागांत नेमबाजापुढे खरी निवड आहे, क्लासिकसारख्या, तिथे ठेवावेत. जिथे निवड नावापुरतीच उरली आहे आणि सगळेच एकाच बाजूला झुकले आहेत, तिथे सीच्या गोळीचा भाव पुन्हा तपासावा. काडतुसे बदलली की आकडे बदलावेत. पूर्वी ते बदलले आहेत आणि त्यामुळे खेळ सुरक्षितच झाला आहे. आणि मेजरचे समर्थन करणाऱ्यांनी जखमांची जुनी मिथके सांगणे थांबवून खरे कारण सांगावे : जो जास्त धक्का पेलून तितक्याच वेगात नेम राखतो त्याने जास्त अवघड काम केलेले असते. अचूकता आणि वेग यांच्या जोडीला कोलंबियाच्या परिषदेने बळ ठेवले ते मारकतेच्या ओढीने असेल. आज त्याला तिथे राहण्याचा अधिकार आहे तो वेगळ्या कारणाने. बळ काढून घेतले तर उरलेल्या दोन्हींची परीक्षा सोपी होते, आणि सोप्या झालेल्या परीक्षेतला पहिला क्रमांक कोणत्याही खऱ्या नेमबाजाला नको असतो.